कामाला गेलेली पोरगी, बंद फोन आणि मधली सीमा : बेळगाव-खानापूर-निपाणीकडच्या घरांसाठी मार्गदर्शक

आमच्या नात्यातली एक मुलगी 'गोव्यात पार्लरमध्ये काम आहे' म्हणून गेली. तिला परत आणून, ती पुन्हा आपल्या पायावर उभी राहीपर्यंत आम्ही कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र अशा तीन राज्यांच्या कचेऱ्यांत फिरलो. तेव्हापासून अशा घरांबरोबर मी ठाण्यात, बालकल्याण समितीपुढं, कोर्टात जाते. हे लिहितेय ते ज्यांना यातलं काहीच ठाऊक नाही त्यांच्यासाठी : आईबाप, अंगणवाडी टीचर, आशाताई, आणि या कामात नव्यानं आलेली पोरंपोरी.

एक गोष्ट आधीच सांगते. आपल्या भागात माणसांचा व्यापार करणाऱ्याला सगळ्यात मोठा आधार असतो तो सीमेचा. कोगनोळीचा टोलनाका ओलांडला की कागल, जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट उतरला की गोवा. पोलीस बदलतात, कागदाची भाषा बदलते, साहेब बदलतो. 'हे आमच्याकडं येत नाही' हे तुम्हाला टेबलाटेबलावर ऐकायला मिळेल. त्याला काय उत्तर द्यायचं, तेच मुख्यतः खाली सांगितलंय.

कुणी या क्षणी धोक्यात असेल तर वाचत बसू नका. ११२ लावा. अठराच्या आतलं लेकरू असेल तर १०९८, बाईमाणसासाठी १८१, रेल्वेत असेल तर १३९.

१. जायच्या आधी : काम आणि स्थळ दोन्ही तपासा

न्यायला येणारा माणूस सिनेमातल्या गुंडासारखा नसतो. बहुतेक वेळा तो ओळखीतला असतो, आणि पुष्कळदा 'तो' नसून 'ती' असते. गावातलीच, आधी बाहेर जाऊन आलेली, अंगावर चार दागिने असलेली ताई. तिच्या तोंडी जी कामं येतात ती साधारण अशी : गोव्यात हॉटेल, पार्लर, स्पा, पुण्या-मुंबईत घरकाम, वीटभट्टी किंवा ऊसतोडीची उचल, आखातात आयाचं काम, आणि हुंडा न घेणारं, उलट लग्नाचा खर्च स्वतः करणारं लांबच्या राज्यातलं स्थळ. शेवटचं ऐकून घरातले सुटकेचा श्वास टाकतात. तिथंच जरा थांबा. मुलाच्या गावच्या पंचायतीत फोन करून चौकशी न करता, त्याच्या घरचा उंबरा न बघता मुलगी देऊ नका.

कामाबाबत विचारायचं ते एवढंच. मालकाचं नाव आणि पत्ता काय? पगार कुणाच्या हातात पडणार? आधार कार्ड आणि फोन कुणाकडं राहणार? 'कार्ड आमच्याजवळ सुरक्षित राहील' असं कुणी म्हणालं तर तिथंच विषय संपवा. परदेशचं काम असेल तर एजंटाकडं सरकारी परवाना आहे का ते ई-मायग्रेट पोर्टलवर दिसतं. आणि 'आत्ता पर्यटक व्हिसावर जा, तिथं गेल्यावर बदलून घेऊ' हे वाक्य म्हणजे सापळा. अलीकडं 'डेटा एंट्री' म्हणून शिकलेल्या पोरांना म्यानमार, कंबोडियाकडं नेऊन तिथं ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपल्याचे प्रकार झालेत. तेव्हा हे फक्त मुलींचं प्रकरण समजू नका.

जाणाऱ्या मुलीबरोबर एक खुणेचं वाक्य ठरवून ठेवा. घरात म्हैस नाही, तरी ती फोनवर 'म्हशीला चारा घातला का?' असं विचारते. म्हणजे शेजारी कुणी उभं आहे, मोकळेपणानं बोलता येत नाही, मला इथून काढा. असं वाक्य ठरवताना मुली हसतात. हसू द्या, पण ठरवा.

सौंदत्तीच्या डोंगराचं नाव निघाल्याशिवाय आपल्याकडचा हा विषय पूर्ण होत नाही. यल्लम्माची भक्ती वेगळी आणि पोरीला देवाला सोडणं वेगळं. सोडण्यावर कर्नाटकात कायद्यानं बंदी आहे, आणि त्यात आईबापही गुन्हेगार ठरतात. चोरून मोती बांधल्याचं, म्हणजे देवाला सोडल्याचं, कानावर आलं आणि मुलगी लहान असेल, तर १०९८ ला कळवा. नाव सांगायची गरज नसते.

२. फोन लागेनासा झाला की

'चोवीस तास थांबा, येईल' हे कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही. अठराच्या आतलं मूल बेपत्ता झालं तर गुन्हा नोंदवायलाच हवा आणि अपहरण किंवा व्यापार झाल्याचं गृहीत धरूनच तपास सुरू व्हायला हवा, असं सर्वोच्च न्यायालयानं मे २०१३ मध्ये बचपन बचाओ आंदोलनच्या प्रकरणात सांगितलंय. पहिली रात्र नातेवाइकांकडं फोन करण्यात जाते, मग चारचौघांत बदनामी नको म्हणून आणखी दोन दिवस जातात. तेवढ्यात मुलगी कुठल्या कुठं पोचलेली असते.

त्या एजंटाला फोन करून शिव्या घालू नका. मुलीची जागा बदलायला त्याला तेवढी सूचना पुरते. तिचे शेवटचे मेसेज, कॉलची यादी, इन्स्टाग्रामवरच्या ओळखी यांचे स्क्रीनशॉट काढा, दुसऱ्या कुणाच्या फोनवर पाठवून ठेवा. घरात तिनं वापरलेला जुना फोन असेल तर तो फॉरमॅट करू नका. ती बेळगाव, लोंढा किंवा निपाणी स्टँडवरून गेली असण्याची शक्यता असेल तर तिथलं सीसीटीव्ही चित्रण राखून ठेवावं, असं तक्रारीतच लिहा. ते चित्रण फार दिवस राहत नाही, त्यावर नवीन चढतं.

आणि भाऊबंद गोळा करून जीपनं सोडवायला जाऊ नका. तरण्या पोरांना हेच आधी सुचतं. तिथं मारामारी झाली तर गुन्हा तुमच्यावर दाखल होतो आणि मुलगी मागच्या दारानं हलवली जाते.

३. ठाण्यात : कुठल्या, आणि कुठल्या भाषेत

बेळगाव शहर आणि लगतचा भाग पोलीस आयुक्तांकडं येतो. खानापूर, निपाणी, चिक्कोडी, अथणी, गोकाक, सौंदत्ती हे जिल्ह्याच्या एसपींकडं. यावरून माणसाला इकडून तिकडं पिटाळलं जातं. एका ठाण्यात आम्हाला 'गोव्यात घडलंय, गोव्याला जा' म्हणून बाहेर बसवलं होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे : गुन्हा कुठंही घडलेला असो, माहिती कुठल्याही ठाण्यानं लिहून घ्यायची. याला झिरो एफआयआर म्हणतात. हा आकडा कागदावर लिहून खिशात ठेवा आणि आवाज न चढवता वाचून दाखवा. आवाज चढवला की विषय तुमच्या वागण्यावर जातो.

दुसरी अडचण भाषेची. एफआयआर कानडीत लिहिला जातो आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांना तो वाचता येत नाही. लिहिलेलं वाचून दाखवायचं आणि मगच सही घ्यायची, हे त्याच कलमात आहे. तेव्हा 'साहेब, मराठीत समजावून सांगा, मग सही करते' म्हणा. बेळगावच्या ठाण्यात मराठी समजणारा एखादा हवालदार निघतोच. तरी कानडी येणारं आपलं माणूस बरोबर न्या, शाळेतले सर किंवा पंचायतीचे सदस्य. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ती घेतल्याशिवाय उठू नका.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. नुसतं 'मिसिंग' लिहून घेऊ देऊ नका. मुलीला कुणी नेल्याचा संशय असेल तर तो तक्रारीत उतरला पाहिजे. आपला अर्ज मराठीत लिहून न्यायला हरकत नाही. त्यात असं काहीतरी हवं :

'माझी मुलगी, वय १७, अमुक तारखेला सकाळी अमुक बाईबरोबर गोव्याला कामासाठी गेली. सदर बाईने महिना १५ हजार पगार सांगितला होता. अमुक तारखेपासून मुलीचा फोन बंद आहे व सदर बाई उडवाउडवीची उत्तरे देत आहे. मुलीला कामाचे आमिष दाखवून शोषणासाठी नेले असल्याचा मला संशय आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १४३ नुसार गुन्हा नोंदवून तपास व्हावा, ही विनंती.'

कलम १४३ म्हणजे माणसांच्या व्यापाराचं कलम. लैंगिक शोषण, गुलामी, वेठ, भीक मागायला लावणं, अवयव काढून घेणं हे सगळं त्यात बसतं. 'ती आपल्या मर्जीनं गेली हो' याला त्यात अर्थ नाही, कारण पीडिताची संमती इथं धरायचीच नाही असं कलमातच म्हटलंय. 'प्रेमात पळाली असंल' म्हणून हसण्यावारी नेणारे भेटतील. वय सतरा असेल तर शाळेचा दाखला पुढं करा.

नोंदवायलाच नकार दिला तर तोच अर्ज रजिस्टर पोस्टानं एसपींना (शहरात पोलीस आयुक्तांना) पाठवा, पोचपावती जपा. तिथंही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडं अर्ज करता येतो. मुलगी चार महिन्यांत सापडली नाही तर तपास मानवी व्यापारविरोधी पथकाकडं द्यावा, अशी मागणी लेखी करा.

४. कागदांची पिशवी

एकच पिशवी, आणि ती एकाच माणसाकडं. मूळ कागद कुणालाही द्यायचे नाहीत, झेरॉक्स द्यायची.

- मुलीचा अलीकडचा फोटो, चेहरा स्पष्ट दिसणारा. लग्नातला मेकअप केलेला नको
- जन्मदाखला, शाळेचा दाखला किंवा दहावीचं (एसएसएलसी) मार्क्स कार्ड (वयासाठी हेच चालतात, आधारवरच्या जन्मतारखेवर भांडण होतं)
- मुलीचं आणि आईवडिलांचं आधार, रेशन कार्ड
- अंगावरच्या खुणा, जाताना घातलेले कपडे, भाषा कुठल्या येतात याची चिठ्ठी
- एजंटाचं नाव, नंबर, फोटो, पैसे दिले-घेतले असतील तर फोनपेची नोंद
- एफआयआर, अर्जांच्या प्रती, पोचपावत्या
- एक वही : कुठल्या तारखेला कुणाला भेटलो, काय म्हणाले

जन्मदाखला नसेल तर नाडकचेरीत (महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीत) चौकशी आजच सुरू करा. मुलगी सापडल्यावर धावपळ करायला वेळ नसतो. कानडी कागदांचं मराठी किंवा इंग्रजी भाषांतर करून ठेवलंत तर कोल्हापूर, सांगली, पणजीकडं ते कामाला येतं.

५. सापडली, पण लगेच घरी का सोडत नाहीत?

इथं घरच्यांचा सगळ्यात जास्त भडका उडतो. 'आमची पोर आम्हालाच देईनात, कोंडून ठेवलीय' म्हणून आई ओरडत असते. असं का होतं ते समजून घ्या.

मुलगी अठराच्या आत असेल तर बाल न्याय कायदा, २०१५ नुसार प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत तिला बालकल्याण समितीपुढं उभं करावं लागतं. घर सुरक्षित आहे का, तिला नेणाऱ्यात घरचंच कुणी नव्हतं ना, हे समिती तपासते. दुर्दैवानं कधीकधी घरचंच असतं, म्हणून तपास हवाच. मुलगी कोल्हापुरात सापडली तर तिथली समिती बेळगावच्या बालसंरक्षण कचेरीकडून घरचा अहवाल मागते. हा अहवाल दोन जिल्ह्यांच्या मध्ये अडकून पडतो. त्याचा पाठपुरावा इथल्या कचेरीत तुम्हीच करायचा. घरी येणाऱ्या बाईंना चहा द्या, घर दाखवा, खरं सांगा.

अठरा पूर्ण असतील आणि वेश्याव्यवसायातून सुटका झाली असेल तर अनैतिक व्यापार प्रतिबंध कायदा, १९५६ लागतो. त्यात न्यायदंडाधिकारी कलम १७ खाली चौकशी लावतात, त्या काळात तीन आठवड्यांपर्यंत तिला सुरक्षित जागी ठेवता येतं. ती आरोपी नसते, हे तिला आणि घरच्यांना दहादा सांगावं लागतं. सरकारी निवारागृहांना आता शक्ती सदन म्हणतात.

याच वेळी एक सद्‌गृहस्थ भेटतात. 'मी वकील, पोरीला उद्या सोडवून देतो, सही करा.' फी घेत नाहीत, उलट गाडीभाडं देतात. त्यांना कुणी पाठवलं हे विचारा. अड्डा चालवणारेच वकील पाठवतात, खोटे आईबापसुद्धा उभे करतात. आरोपीच्या वकिलानं पीडित मुलींच्या बाजूनं उभं राहणं मुंबई उच्च न्यायालयानं २००२ साली प्रेरणा संस्थेच्या याचिकेत चुकीचं ठरवलंय. तुम्हाला वकील फुकट मिळतो. व्यापाराला बळी पडलेल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. १५१०० ला फोन करा किंवा बेळगावच्या कोर्ट आवारात जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणात जा.

६. जबाब आणि तपासणी

पोक्सोचं (अठराच्या आतल्या मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याचं) प्रकरण असेल तर मुलीचा जबाब घरी किंवा तिला बरं वाटेल त्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता घ्यायचा असतो. दुभाषा मागता येतो. पणजीत कोंकणीत विचारलेलं आणि इंग्रजीत टिपलेलं मुलीला कळलं नसेल तर सही करू नये. वैद्यकीय तपासणी तिच्या संमतीनं होते, आणि लैंगिक अत्याचारातल्या मुलीला खासगी दवाखान्यानंही मोफत प्राथमिक उपचार द्यायचे असतात.

तिला काय सांगायचं ते पढवू नका. आठवेल तेवढं सांगू दे.

७. पैसा : कुठून, आणि कुणाच्या खात्यात

भरपाईचा अर्ज जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडं करायचा. साधारणपणे गुन्हा ज्या राज्यात घडला तिथली योजना लागते, कर्नाटकाची २०११ ची किंवा महाराष्ट्रात घडला तर तिकडची. मराठी बोलतो म्हणून महाराष्ट्राच्या 'मनोधैर्य' योजनेचा अर्ज बेळगावात चालत नाही, हे लोकांना पटवताना माझा जीव जातो. आरोपी सापडला नाही तरी अर्ज करता येतो. अंतरिम मदतही मागा.

वीटभट्टी, ऊसतोड, हॉटेल अशा ठिकाणी उचल फेडण्यासाठी डांबून ठेवलं असेल तर वेठबिगारीचा १९७६ चा कायदा लागतो. त्यानं ती उचलच रद्द होते. मुकादम दारात येऊन 'साठ हजार बाकी आहेत' म्हणाला तरी एक पैसा देऊ नका. प्रांताधिकारी किंवा डीसींकडून (जिल्हाधिकाऱ्यांकडून) मुक्ततेचा दाखला घ्या, त्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही. केंद्राच्या २०१६ च्या योजनेत पुरुषांना १ लाख, स्त्रिया-मुलांना २ लाख आणि लैंगिक शोषणासारख्या गंभीर प्रकरणात ३ लाखांपर्यंत मदत आहे. तातडीची ३० हजारांपर्यंतची मदत खटल्याच्या निकालाची वाट न बघता मिळू शकते.

खातं तिच्या एकटीच्या नावानं काढा. मामाच्या नको, मंडळाच्या नको. 'काम करून देतो, वीस टक्के द्या' म्हणणाऱ्याला वाटेला लावा.

८. घरी आल्यावर

कागदाचं काम इथं थोडं मागं पडतं आणि अवघड भाग सुरू होतो.

पहिला आठवडा कुणी काही विचारायचं नाही. आत्या, काकू, शेजारीण, कुणीच नाही. 'काय काय केलं गं तुला?' हा प्रश्न मायेनं विचारला तरी तिला ते सगळं पुन्हा सोसावं लागतं. तिला सांगायचं असेल तेव्हा ती सांगेल, आणि ते बहुधा आईला नव्हे, दुसऱ्याच कुणाला सांगेल. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. आमची मुलगी कित्येक रात्री दिवा लावून, दाराकडं तोंड करून झोपायची. कुणी दार ओढून घेतलं की ताडकन उठून बसायची. मग आम्ही दार किलकिलं ठेवायला लागलो, एवढंच. केसाला, खांद्याला हात लावायच्या आधी आवाज द्या. फोन काढून घेऊ नका. तिकडंही त्यांनी तेच केलेलं असतं.

ती चिडेल. 'कशाला आणलंत?' म्हणेल. तिथल्या एखाद्या मुलीची किंवा त्या बाईचीसुद्धा आठवण काढेल. यावरून 'हिलाच तिथं आवडत होतं' असा अर्थ काढणारे नातेवाईक असतात, त्यांना काही दिवस घरापासून लांब ठेवा. रात्री-अपरात्री जीव घाबरा झाला तर टेली-मानसचा १४४१६ हा नंबर आहे, फुकट आहे. जिल्ह्यातल्या सखी केंद्रात समुपदेशन मिळतं, १८१ वरून जोडून देतात.

प्रकृतीकडं लाजेपोटी दुर्लक्ष होतं. सरकारी दवाखान्यात एचआयव्ही तपासणी मोफत आणि गुप्त असते, संमतीशिवाय करत नाहीत. धोका नुकताच झाला असेल तर ७२ तासांच्या आत प्रतिबंधक औषधं सुरू करता येतात, म्हणून 'आधी घरी जाऊ, मग बघू' नको. गर्भ राहिला असेल तर अत्याचारातल्या स्त्रियांना आणि अल्पवयीन मुलींना २४ आठवड्यांपर्यंत गर्भपाताची कायद्यानं मुभा आहे. निर्णय तिचा.

मग 'उजवून टाका आता' सुरू होतं. घाईनं, लांब, वयानं मोठा, काही न सांगता. अशा लग्नातून दुसऱ्यांदा विकल्या गेलेल्या मुली असतात. माझं स्पष्ट मत आहे : तिच्या हातात दोन पैसे येईपर्यंत लग्नाचा विषय काढू नये. एसएसएलसी राहिली असेल तर बाहेरून बसता येतं. शिवणकामाचा कोर्स सगळेच सुचवतात. तिला नको असेल तर नको. आमच्याकडच्या एकीनं मोबाईल दुरुस्ती शिकली.

फोटो, नाव, गाव कुठंही छापून येऊ देऊ नका. अठराच्या आतल्या मुलांची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे. सत्कार करायला येणाऱ्या पुढाऱ्यालाही हेच सांगा. धमक्या आल्या तर साक्षीदार संरक्षण योजनेत अर्ज करा. खटला गोव्यात किंवा महाराष्ट्रात चालणार असेल तर साक्ष बेळगावातून व्हिडिओवर घ्यावी, असा अर्ज वकिलामार्फत वेळेत द्या. घर बदललं तर पोलिसांना आणि सरकारी वकिलांना नवा पत्ता कळवा. समन्स जुन्या घरी गेलं आणि ती हजर राहिली नाही, तर खटला तिथंच ढिला पडतो.

९. गावात बोलायचं असेल तर

नवरात्रानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी, आणि एसएसएलसी-पीयूसीचे (दहावी-बारावीचे) निकाल लागल्यावर, या दोन वेळा गाठा. व्याख्यान नको. बचत गटाची बैठक, हळदीकुंकू, पंचायतीची मुलांची मक्कळ ग्रामसभा इथं पंधरा मिनिटं पुरतात. भीतीदायक व्हिडिओ दाखवू नका, त्यानं मुलींचं बाहेर जाणं, कॉलेज, सगळंच बंद होतं आणि एजंटाचं काहीच बिघडत नाही. सुटून आलेल्या मुलीला माईकसमोर उभं करू नका.

पंचायतीत एक वही ठेवायला लावा : कोण, कुठल्या मुकादमाबरोबर, कुठं कामाला गेलं, नंबर काय, परत कधी. पीडीओंना (पंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांना) आधी ते जादाचं काम वाटेल. पहिली चार नावं तुम्हीच लिहून द्या.